खिडकीचा रंग कोण ठरवतो?

  

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे. एखादा प्रोग्रॅम उघडावा आणि त्याच्या खिडकीत सगळीकडे एक रंग असताना मधेच एक वेगळ्या रंगाचा चौकोन दिसावा. बटणामागे करडा ठिपका राहावा. किंवा डार्क मोड लावावा आणि नेमक्या नाव लिहायच्या चौकटीतली अक्षरं दिसेनाशी व्हावीत. आपण म्हणतो, "जाऊ दे, दिसतंय तेवढं पुरे." पण ज्यांची नजर अधू आहे, ज्यांना काळ्यावर पिवळी अक्षरंच वाचता येतात, त्यांच्यासाठी हा रंगाचा घोळ म्हणजे काम बंद पडणं आहे. बँकेचा फॉर्म समोर आहे, पण त्यात काय लिहिलंय ते दिसत नाही.

असे घोळ होतात का, आणि ते दुरुस्त करायला लोकांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काय काय केलं, ते आज बघू. एक प्रश्न मनात धरून ठेवा: खिडकीचा रंग ठरवायचा हक्क नेमका कोणाचा? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा, ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्याचा, की समोर बसून काम करणाऱ्याचा?

मेमरी महाग होती तेव्हा

सुरुवात करू १९७३ सालापासून. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याआधीचे बहुतेक पडदे म्हणजे काळ्यावर उजळ अक्षरं. आल्टोचा पडदा उभा होता, कागदासारखा. ६०६ आडवे आणि ८०८ उभे ठिपके. त्यावर कागदासारखंच पांढऱ्यावर काळं उमटायचं.

आता हिशोब करा. एका ठिपक्याला एक बिट धरला, तरी एवढ्या पडद्याला साधारण ६० किलोबाइट लागतात. आणि आल्टोची मूळ मेमरी होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळपास निम्मी मेमरी नुसत्या पडद्यात गेली. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशचीही तीच कथा. तिथेही १२८ किलोबाइट मेमरी आणि त्यातले सुमारे २२ किलोबाइट पडद्याला.

याचा परिणाम काय झाला? एका खिडकीवर दुसरी खिडकी आली, की खाली झाकल्या गेलेल्या भागाचं चित्र जपून ठेवायला जागा नव्हती. वरची खिडकी हलली, की खालच्या प्रोग्रॅमला सांगायचं, "बाबा रे, तुझा हा भाग उघडा पडलाय, पुन्हा रंगव." आणि प्रोग्रॅमने ते काम करेपर्यंत तिथे काहीतरी दिसायला हवं. म्हणून व्यवस्थेने आधी तो भाग एका ठरावीक रंगाने पुसून घ्यायचा, मग प्रोग्रॅमने त्यावर आपली अक्षरं-चित्रं काढायची. भिंतीला आधी चुना, मग त्यावर नक्षी, तसंच.

म्हणजे खिडकीची 'पार्श्वभूमी' ही गोष्ट सजावट म्हणून आली नाही. अपुऱ्या मेमरीवरची तोड म्हणून ती आली. आणि काम दोघांत वाटलं गेलं: चुना लावणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा. आपले पुढचे सगळे घोळ या वाटणीतून निघाले आहेत.

एक्सचा वारसा

१९८४ मध्येच अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ही त्यातली प्रमुख नावं. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती, एक्स-इलेव्हन, आली आणि लिनक्सच्या जगात ती पुढे तीस वर्षांहून जास्त टिकली.

एक्सचं धोरण असं की आम्ही साधनं देऊ, दिसायचं कसं ते आम्ही ठरवणार नाही. प्रत्येक खिडकीला पार्श्वभूमीचा गुणधर्म होता. त्यात एक रंग देता यायचा, एक छोटं चित्र देता यायचं, किंवा 'आईच्या खिडकीची पार्श्वभूमी तीच माझी' असं सांगता यायचं. आणि काहीच सांगितलं नाही, तर मूळ किंमत होती 'काही नाही'. म्हणजे सर्व्हर तिथे चुना लावणारच नाही. आधी त्या जागी जे होतं, तेच राहणार. खिडकी उघडली आणि तिच्यात मागच्या प्रोग्रॅमचे तुकडे दिसले, तर समजावं की पार्श्वभूमी द्यायची राहून गेलीय.

एक्समध्ये वापरणाऱ्यालाही अधिकार होता. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, की सगळ्या प्रोग्रॅमची पार्श्वभूमी बदलायची. पण समजा वापरणाऱ्याने पार्श्वभूमी काळी केली आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अक्षरांचा काळा रंग आत पक्का बसवून ठेवला असेल, तर? काळ्यावर काळं. वापरणाऱ्याने एक रंग ठरवला, लिहिणाऱ्याने दुसरा, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

या अडचणीवर १९८९ मध्ये आलेल्या मोटिफ या संचाने शहाणपणाचा उपाय काढला. तुम्ही फक्त पार्श्वभूमी द्या. अक्षरांचा रंग, बटणाच्या वरच्या कडेची उजळ छटा आणि खालच्या कडेची गडद छटा मोटिफ स्वतः हिशोब करून काढेल. पार्श्वभूमी गडद असेल तर अक्षरं पांढरी, उजळ असेल तर काळी. एका निर्णयातून बाकीचे निर्णय आपोआप निघतात, त्यामुळे विसंगती राहत नाही.

विंडोजचे चार करडे

आता आपल्या ओळखीच्या प्रांतात येऊ. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. विंडोजमध्ये प्रोग्रॅमला खिडकीचा एक 'वर्ग' नोंदवावा लागतो आणि त्यात सांगावं लागतं की चुना लावायला कोणता ब्रश वापरायचा. ब्रश दिला नाही, तर प्रोग्रॅमला निरोप येतो, "पार्श्वभूमी पुसायची आहे, काय ते तू बघ."

विंडोजने रंगांना क्रमांक दिले होते. खिडकीचा रंग अमुक क्रमांक, बटणाचा तमुक. प्रोग्रॅमने थेट 'पांढरा' न म्हणता 'खिडकीचा जो रंग असेल तो' असं म्हणावं, ही अपेक्षा. पण यादीतला पहिला क्रमांक शून्य होता, आणि ब्रशच्या जागी शून्य म्हणजे 'ब्रश नाही'. म्हणून नियम झाला की इथे रंगाचा क्रमांक देताना त्यात एक मिळवून द्यायचा. तो एक मिळवायला विसरलं, की खिडकी भलत्याच रंगाची व्हायची. विंडोजसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकलेल्या पिढीला हा 'अधिक एक' चांगला आठवत असेल.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रंगांचे तयार संच होते. त्यातला 'हॉट डॉग स्टँड' हा लालभडक आणि पिवळाजर्द संच आजही चेष्टेचा विषय आहे. पण अशा भडक संचाचा एक उपयोग नक्की होता. तो लावला, की कोणत्या प्रोग्रॅमने व्यवस्थेला रंग विचारलाय आणि कोणी आपल्या मनाने ठोकून दिलाय, ते एका नजरेत कळायचं.

ठोकून देणारे पुष्कळ होते. विंडोज ९५ मध्ये बटणांचा आणि संवादचौकटींचा करडा रंग होता लाल १९२, हिरवा १९२, निळा १९२. सगळ्या संगणकांवर तोच दिसायचा, म्हणून लोकांनी तो आकडा थेट प्रोग्रॅममध्ये लिहिला. टूलबारवरची छोटी चित्रंसुद्धा त्याच करड्या पार्श्वभूमीवर रंगवली. मग विंडोज २००० आलं आणि करडा किंचित उबदार झाला: २१२, २०८, २००. झालं! नव्या करड्यावर जुन्या करड्याचे चौकोन उठून दिसू लागले, शर्टाला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावावं तसे. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि रंग झाला मलईसारखा, २३६, २३३, २१६. पुढे व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये पुन्हा थंड करडा, २४०, २४०, २४०. साधारण अकरा वर्षांत चार करडे.

याची दुरुस्ती सोपी होती, पण आधी माहीत असायला हवी. चित्र उघडतानाच विंडोजला सांगायचं, की यातला जुना ठरावीक करडा तुझ्या आजच्या करड्याने बदलून दे. तशी सोय विंडोजमध्येच होती. आणि आकडा लिहिण्याऐवजी रंगाचं नाव घ्यायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रोग्रॅम चालू असतानाच कोणी रंग बदलले तर? विंडोज तसा निरोप पाठवतं, पण फक्त सर्वांत वरच्या खिडकीला. तिने तो आतल्या भागांपर्यंत पोचवायचा असतो. घरच्या कर्त्याला पत्र आलं आणि त्याने ते कोणाला वाचूनच दाखवलं नाही, तर काय होईल? अर्धी खिडकी नव्या रंगात, अर्धी जुन्यात. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की सगळं ठीक दिसतं, त्यामुळे दोष सापडतही नाही.

एक्सपीतली ठिगळं

एक्सपीने नुसता रंग बदलला नाही, रंगवायची पद्धतच बदलली. तोवर एका भागाला एक रंग पुरायचा. आता निळ्या-हिरव्या 'लूना' थीममध्ये बटणं, चौकटी, टॅब हे सगळं चित्रांच्या तुकड्यांतून बनू लागलं. टॅबच्या पानाला तर वरून खाली बदलत जाणारी छटा होती.

जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून नवं रूप आपोआप मिळत नव्हतं. प्रोग्रॅमसोबत 'मॅनिफेस्ट' नावाची छोटी फाइल ठेवून मागणी करावी लागायची. लोकांनी मागणी केली, बटणं गोलसर झाली, पण टॅबच्या पानावरच्या प्रत्येक लेबलामागे मलई रंगाची पट्टी आली. कारण पान रंगवलं थीमने, आणि लेबल अजून जुन्या पद्धतीने 'संवादचौकटीचा रंग कोणता?' असं विचारून आपला चुना लावत होतं. मूळ वाटणी आठवा. आता चुना लावणारेच दोन झाले होते.

उपाय होता एका फंक्शनचा. संवादचौकटीला सांगायचं, की तुझी पार्श्वभूमी टॅबच्या पानासारखी कर, म्हणजे आतली लेबलंही त्याच छटेतला आपापला तुकडा घेतील. एका ओळीची दुरुस्ती, पण तिच्यासाठी कित्येकांचे दिवसच्या दिवस गेले.

त्याच काळातलं एक दृश्य तुम्ही नक्की पाहिलंय. प्रोग्रॅम अडकला आणि त्याच्यावरून दुसरी खिडकी ओढली, की तिच्या शेकडो सावल्या मागे उमटत जायच्या. सायबर कॅफेत मुलं त्याने नक्षी काढत बसायची. त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. अडकलेला प्रोग्रॅम 'पुन्हा रंगव' या निरोपाला उत्तर देत नव्हता. मॅक ओएस एक्सने २००१ मध्ये आणि विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये प्रत्येक खिडकीचं चित्र मेमरीत वेगळं ठेवायला सुरुवात केली आणि ही नक्षी इतिहासजमा झाली. मेमरी स्वस्त झाली होती. आल्टोच्या वेळची अडचण उरली नव्हती. पण कामाची जुनी वाटणी मात्र तशीच राहिली.

एकाच खिडकीत दोन घराणी

याच सुमारास प्रोग्रॅम एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवायची गरज वाढली आणि त्यासाठीचे संच लोकप्रिय झाले. प्रत्येकाचा पार्श्वभूमीचा नियम वेगळा.

जावाच्या स्विंगमध्ये लेबलाला रंग दिला तरी तो दिसत नाही, कारण लेबल मुळात पारदर्शक असतं. आधी त्याला 'अपारदर्शक हो' असं सांगावं लागतं. टीके या संचात २००७ मध्ये थीमवाले नवे घटक आले. ते मूळ खिडकीवर थेट ठेवले, की मूळ खिडकीचा जुना रंग कडेने डोकावतो. उपाय असा, की आधी खिडकीभर थीमवाली एक चौकट अंथरायची आणि बाकी सगळं तिच्यावर मांडायचं. क्यूटीच्या २००५ मधल्या चौथ्या आवृत्तीने तर मूळ नियमच बदलला: आतल्या घटकाने वेगळं काही सांगितलं नाही, तर आई-खिडकीची पार्श्वभूमी त्यातून दिसेल. तिसऱ्या आवृत्तीत हातांनी जुळवलेले पार्श्वभूमीचे हिशोब त्यामुळे लागेनासे झाले आणि नव्याने लिहावे लागले.

लिनक्सवर मुख्य घराणी दोन, जीटीके आणि क्यूटी. एका पडद्यावर दोन्हींचे प्रोग्रॅम, आणि दोघांची ठेवण वेगळी. २००२ मध्ये रेड हॅटने 'ब्लूकर्व्ह' नावाची थीम काढून दोन्ही घराण्यांना एकच पोशाख दिला. नव्याने येणाऱ्यांची सोय झाली, पण आमची ओळख पुसली म्हणून केडीईच्या मंडळींत नाराजीही झाली.

फायरफॉक्समधला घोळ तर कित्येक वर्षं चालला. वापरणाऱ्याने गडद थीम लावली. वेबपानाच्या लेखकाने चौकटीची पार्श्वभूमी पांढरी केली, पण अक्षरांचा रंग सांगितला नाही. फायरफॉक्सने तो थीमला विचारला. थीम म्हणाली, पांढरा. पांढऱ्यावर पांढरं! माणूस टाइप करतोय आणि काहीच उमटत नाही. इथे चूक कोणाची? तिघेही आपापल्या जागी बरोबर वागले होते. फक्त जोडीने घ्यायचा निर्णय एकाने अर्धाच घेतला होता. म्हणूनच वेबच्या सीएसएस तपासणी साधनात जुनी सूचना आहे: एक रंग दिलात तर दुसराही द्या.

हक्काचा वाद

२०११ मध्ये जीटीकेची तिसरी आवृत्ती आली आणि थीम सीएसएसमध्ये लिहिता येऊ लागल्या. सोय मोठी झाली, पण दर नव्या उपआवृत्तीत काहीतरी बदलायचं आणि लोकांच्या थीम मोडायच्या. २०१६ मधल्या ३.२० मध्ये तर आतल्या नावांची मांडणीच बदलली आणि असंख्य थीम पुन्हा लिहाव्या लागल्या.

मग २०१९ मध्ये नोमसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या काही जणांनी लिनक्सची वितरणं बनवणाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं. आशय असा: आमच्या प्रोग्रॅमना तुमच्या थीम परस्पर लावू नका. आम्ही एका रूपात सगळं तपासतो, तुम्ही दुसरं चढवता, अक्षरं दिसेनाशी होतात, आणि तक्रार आमच्याकडे येते. पुढे २०२१ च्या अखेरीस लिबअद्वैता आली. नाव ऐकून आपल्याला ओळखीचं वाटेल. नोमच्या मूळ थीमचंच नाव 'अद्वैता' आहे. तिच्यासोबत प्रोग्रॅमचं रूप बरंचसं पक्कं झालं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. संगणक माझा, डोळे माझे, तर रंग तुम्ही का ठरवणार? लिनक्स मिंटने २०२४ च्या आवृत्तीत नोमचे बरेच प्रोग्रॅम मुद्दाम जुन्या जीटीके-३ वर आणून ठेवले, म्हणजे त्यांच्या थीम चालत राहतील. त्याच वर्षी नोमनेही ४७ व्या आवृत्तीत ठळक भागांचा रंग निवडायची सोय दिली. थोडं इकडून, थोडं तिकडून.

अंधारात जुनीच भुतं

२०१६ मध्ये विंडोज १० ने आणि २०१८ मध्ये मॅकच्या मोहावे आवृत्तीने गडद रूपाची निवड दिली. आणि तीस वर्षांचे लपलेले दोष एकदम बाहेर आले. जिथे जिथे 'काळा' आणि 'पांढरा' पक्के लिहिले होते, तिथे तिथे ठिगळं. विंडोज ११ मध्येही कित्येक जुन्या चौकटी गडद वातावरणात पांढऱ्याफटक उघडतात. इलेक्ट्रॉनवर बनलेला गडद प्रोग्रॅम उघडताना क्षणभर पांढरा झगमगाट होतो, कारण खिडकीची मूळ पार्श्वभूमी पांढरी असते आणि आतलं पान मागाहून येतं. उपाय तोच जुना: चुन्याचा रंग आधी सांगा, आणि पान तयार झाल्यावरच खिडकी दाखवा.

आपल्यापैकी जे प्रोग्रॅम लिहितात त्यांनी रंगाचा दोष शोधताना तीन प्रश्न विचारावेत. हा तुकडा नेमका कोणी रंगवला: व्यवस्थेने, थीमने की मी? अक्षरं आणि पार्श्वभूमी हे दोन्ही रंग एकाच ठिकाणाहून आलेत का? आणि सगळ्यात खालचा थर खिडकीभर अंथरलाय का? मग गडद, उजळ आणि तीव्र विरोधाच्या अशा तिन्ही रूपांत प्रोग्रॅम चालवून बघावा. एक थीम चालू प्रोग्रॅममध्येच बदलून बघावी. आणि मराठीतून वापरणारे असतील, तर चौकटीची उंची आकड्यात बांधू नये. इंग्रजीला पुरणाऱ्या उंचीत आपल्या वेलांट्या आणि अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालून.

हे कशासाठी? विंडोज ९५ पासून तीव्र विरोधाचं रूप उपलब्ध आहे. २००८ च्या वेब सुलभतेच्या नियमांनी नेहमीच्या मजकुरासाठी रंगांतला किमान विरोध ४.५ ला १ असा ठरवून दिला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असं म्हटलंय, आणि आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. पण कायदा आणि सोय दोन्ही असूनही, एका प्रोग्रॅमरने एका ओळीत 'काळा' असं लिहून ठेवलं, की सगळं तिथेच अडतं. ज्याला दिसत नाही तो माणूस बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. स्वतःलाच दोष देतो आणि शेजारच्याला म्हणतो, "जरा वाचून दाखवता का?"

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: शेवटचा शब्द वाचणाऱ्याचा असावा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रंगाचं नाव घ्यावं, आकडा ठोकू नये. आणि रंग ठरवायचाच असेल तर दोन्ही ठरवावेत, नाहीतर दोन्ही सोडून द्यावेत.

तुमच्या रोजच्या वापरातल्या कोणत्या मराठी किंवा सरकारी प्रोग्रॅममध्ये गडद रूपात अक्षरं दिसत नाहीत, ते तपासा आणि बनवणाऱ्यांना जरूर कळवा.